दिनविशेष : २३ नोव्हेंबर

‘डॉक्टर हू’ ही विज्ञानकथा मालिका १९६३ मध्ये आजच्या दिवशी, शनिवारी संध्याकाळी, बीबीसीवर सुरू झाली. मुहूर्त मात्र वाईट. आदल्याच दिवशी अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांची हत्या झालेली. परग्रहावरच्या ‘डॉक्टर’ नावाच्या म्हाताऱ्याकडे कोण लक्ष देणार? त्यात काही भागांत वीजही गेली. शेवटी पुढच्या शनिवारी पहिला भाग पुन्हा दाखवून मगच दुसरा दाखवला. निर्मात्या व्हेरिटी लॅम्बर्ट अवघ्या २७ वर्षांच्या, तर दिग्दर्शक वारिस हुसेन २४ वर्षांचे आणि जन्माने लखनौचे. पैसा बेताचा, म्हणून डॉक्टरचे कालयान दिसायला पोलिसांचे टेलिफोनचे खोके. आतून मात्र प्रशस्त! त्याची घरघर ब्रायन हॉजसन यांनी जुन्या पियानोच्या जाड तारांवर घराची किल्ली घासून काढली आणि ध्वनिफितीवर संस्कार करून घडवली. संगणकी करामतींच्या जमान्यातही त्या आवाजाने अंगावर काटा येतो. डिसेंबरात डॅलेक हे खलनायक अवतरले आणि पोरे म्हणे सोफ्यामागे लपून मालिका बघू लागली. १९६६ मध्ये डॉक्टरची भूमिका करणाऱ्या, प्रकृती ढासळलेल्या विल्यम हार्टनेल यांना निरोप द्यायची वेळ आली, तेव्हा डॉक्टरने चक्क शरीरच बदलले आणि पॅट्रिक ट्राउटन नवे डॉक्टर झाले.