बिल्ल्याची जागा

शाळेच्या तपासणीचा दिवस जवळ आला म्हणजे बालवीर पथकात धांदल उडते. कोणाचा स्कार्फ सापडत नाही, कोणाच्या सदऱ्याचे बटण तुटलेले असते. एखादा मुलगा नवा बिल्ला हातात घेऊन गुरुजींना विचारतो, "हा कुठे लावू?" गुरुजी घाईत असतात. "लाव रे कुठे तरी छातीवर," असे सांगून ते पुढे जातात. बिल्ला चार बोटे इकडे की तिकडे, त्याने काय मोठे बिघडणार आहे, असे त्यांना वाटते.

श्रोतेहो, बिघडते ते असे. आपण मुलांना शुद्धलेखन शिकवतो. 'दिन' म्हणजे दिवस आणि 'दीन' म्हणजे गरीब. फरक एका वेलांटीचा, पण अर्थ पार वेगळा. बालवीराचा गणवेश हेही एक प्रकारचे लिखाण आहे. त्यावरचा प्रत्येक बिल्ला म्हणजे एक शब्द, आणि तो कोठे लावला आहे यावर त्याचा अर्थ ठरतो. या जागा ठरल्या कशा, हे समजून घ्यायचे तर थोडा इतिहास पाहावा लागेल.

या इतिहासाची सुरुवात एका अर्थाने आपल्याच देशात होते. १८९७ साली रॉबर्ट बेडन-पॉवेल हा इंग्रज अधिकारी हिंदुस्थानात पाचव्या ड्रॅगून गार्ड्स या घोडदळाच्या पलटणीचा प्रमुख म्हणून आला. पुढे जाऊन वाट शोधणे, माग काढणे, शत्रूची खबर आणणे, ही कामे त्याने निवडक शिपायांना शिकवली. जे यात तयार झाले त्यांना त्याने एक खूण दिली. जुन्या नकाशांवर आणि होकायंत्रावर उत्तर दिशा दाखवायला तीन पाकळ्यांच्या फुलासारखे एक टोक काढलेले असे, तीच ही खूण. अर्थ सरळ होता. हा माणूस वाट चुकणार नाही आणि दुसऱ्यालाही चुकू देणार नाही. ही खूण हुद्द्याची नव्हती, अंगी आणलेल्या गुणाची होती. एवढे लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी गोष्ट याच्यावर उभी आहे.

दहा वर्षांनी, १९०७ च्या ऑगस्टमध्ये, बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळच्या ब्राउनसी या लहानशा बेटावर वीसेक मुलांचे शिबिर भरवले. त्यांतली काही मुले श्रीमंतांच्या नामांकित शाळांतली होती, तर काही जवळच्या पूल आणि बोर्नमथ या गावांतल्या कष्टकऱ्यांची. त्या काळच्या विलायतेत ही दोन प्रकारची मुले एका ओळीत बसत नसत. बेडन-पॉवेल यांनी त्यांची सरमिसळ करून चार संघ पाडले. संघांची नावे होती लांडगा, बैल, कर्ल्यू नावाचा पाणपक्षी आणि डोमकावळा. प्रत्येक मुलाच्या खांद्यावर आपापल्या संघाच्या रंगाच्या फिती बांधल्या. लांडग्यांच्या निळ्या, बैलांच्या हिरव्या, कर्ल्यूच्या पिवळ्या आणि डोमकावळ्यांच्या तांबड्या. आता लांबून पाहणाऱ्याला हा अमक्या सरदाराचा मुलगा की तमक्या मजुराचा, हे कळायला मार्ग राहिला नाही. कळे ते एवढेच, की हा बैलांच्या संघातला आहे. ते तीन पाकळ्यांचे पितळी चिन्ह सगळ्यांनाच मिळाले, पण त्याच्याखाली लावायची पितळी पट्टी परीक्षेत उतरेल त्यालाच मिळे. बापाची श्रीमंती तिथे उपयोगाची नव्हती.

पुढच्याच वर्षी, १९०८ साली, 'स्काउटिंग फॉर बॉईज' हे पुस्तक निघाले आणि चळवळ झपाट्याने पसरली. चिन्हांचे नियमही बांधले गेले. तीन पाकळ्या म्हणजे वचनाची तीन अंगे. खाली एक पट्टी, तिच्यावर 'तयार राहा' हे बोधवाक्य. पट्टीची दोन्ही टोके वर वळलेली, हसऱ्या ओठांसारखी, कारण काम हसतमुखाने करायचे. पट्टीखाली लोंबणारी गाठ होती ती रोज एक तरी सत्कृत्य करण्याची आठवण म्हणून. आपल्याकडे बायाबापड्या पदराला गाठ मारतात ना, त्यातलाच प्रकार! यात एक गंमत होती. दुसऱ्या वर्गाच्या बालवीराला नुसती पट्टी लावता येई. तो पहिल्या वर्गात गेला म्हणजे फूल आणि पट्टी असे पुरे चिन्ह मिळे. दोन्हींची जागा डाव्या बाहीवर. मुलगा किती पायऱ्या चढला हे त्याची डावी बाही पाहूनच समजावे, अशी ही योजना होती.

विलायतेत ज्या बिल्ल्याने उच्चनीच झाकले, त्याच बिल्ल्याने आपल्या देशात मात्र आधी भिंत उभी केली. १९०९ साली बंगळूरला पहिले पथक निघाले, ते युरोपियन आणि अँग्लो-इंडियन मुलांपुरते. या मातीतल्या मुलांना तो गणवेश घालण्याची मोकळीक नव्हती. ज्या खुणेचा पहिला उपयोग हिंदुस्थानात झाला, ती खूण हिंदी मुलाने लावायची नाही, असा हा न्याय!

आपल्या लोकांनी तो मानला नाही. जुन्या मध्यप्रांतात १९१३ च्या सुमारास व्हिव्हियन बोस यांनी हिंदी मुलांना बालवीर शिक्षण द्यायला सुरुवात केली. पुढे नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती आणि नंतर सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश झालेले बोस ते हेच. १९१७ साली मद्रासेत डॉ. ॲनी बेझंट यांनी जॉर्ज अरुंडेल यांच्या मदतीने स्वतंत्र भारतीय संघटना काढली. विलायती टोपीच्या जागी तिथे पगडी आली आणि मुलांच्या तोंडी आपल्या देशाची गाणी आली. त्याच सुमारास अलाहाबादेस पंडित मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम बाजपेयी यांनी सेवा समितीची पथके उभी केली. १९२१ साली बेडन-पॉवेल हिंदुस्थानात आले तेव्हा बेझंटबाईंची संघटना मूळ संघटनेत मिळाली, पण सेवा समिती वेगळीच राहिली. १९३७ साली ते पुन्हा येऊन गेले आणि हिंदी लोकांच्या चारित्र्याविषयी त्यांनी काढलेले उद्गार लोकांना झोंबले. अनेक कार्यकर्ते बाहेर पडले आणि १९३८ साली हिंदुस्थान स्काउट असोसिएशन उभी राहिली. एकाच गावात दोन पथके, दोन वचने आणि दोन बिल्ले, अशी स्थिती झाली.

हा दुभंग स्वातंत्र्यानंतर मिटला. ७ नोव्हेंबर १९५० रोजी भारत स्काउट्स आणि गाइड्स ही एक संघटना झाली आणि १५ ऑगस्ट १९५१ रोजी मुलींची गाइड संघटनाही तीत सामील झाली. नव्या बिल्ल्यावर बालवीराचे तीन पाकळ्यांचे फूल आहे, त्यावर गाइडचे त्रिदल आहे आणि मधोमध अशोकचक्र आहे. चाळीस वर्षांचे भांडण त्या बोटभर कापडावर मिटलेले आहे.

आता पुन्हा त्या मुलाच्या प्रश्नाकडे वळू. गाइडचा पोषाख वेगळा असतो, म्हणून इथे बालवीराच्या गणवेशापुरतेच सांगतो. डाव्या खिशाच्या मधोमध सदस्यत्वाचा बिल्ला. वचन घेतल्याखेरीज तो मिळत नाही आणि वचनाची जागा काळजाजवळ. उजव्या खिशाच्या मधोमध जागतिक बिल्ला, म्हणजे जगभरचे बालवीर माझे भाऊ आहेत ही खूण. दोन्ही खांद्यांवर पथकाच्या नावाची पट्टी. डाव्या खांद्यावर तिच्याखाली संघाच्या रंगाच्या फिती, त्या ब्राउनसी बेटावरच्या फितींच्याच वंशातल्या. डाव्या बाहीवर सोपानाचा बिल्ला. सोपान म्हणजे पायरी. वरची पायरी चढला की खालचा बिल्ला काढायचा, कारण एक माणूस एका वेळी एकाच पायरीवर उभा असतो. प्रथमोपचार, स्वयंपाक अशा प्रावीण्याचे बिल्ले उजव्या बाहीवर. संघनायकाच्या डाव्या खिशावर दोन उभ्या पट्ट्या. त्याची नायकी दुसऱ्याकडे गेली की पट्ट्याही उतरवायच्या.

हे सारे ध्यानात आले म्हणजे "कुठे तरी लाव" का म्हणू नये ते कळते. सोपानाचा बिल्ला खिशावर लावला, तर वाचणाऱ्याला तो वाचताच येत नाही. न मिळवलेला बिल्ला लावला, तर ते खोटे बोलणेच झाले, मग तोंडाने एक अक्षर न का उच्चारो. तपासणीला पथक भरगच्च दिसावे म्हणून एकाचे बिल्ले दुसऱ्याच्या सदऱ्यावर टाचण्याची युक्ती काही ठिकाणी होते. त्या क्षणी मुलगा काय शिकतो, याचा आपण शिक्षकांनी विचार करावा. त्याला उमगते, की गुण अंगी नसला तरी चालते, खूण असली की झाले.

दुसरी गोष्ट गरीब मुलाची. एखाद्याचा सदरा विटलेला असेल, बापाला नवा घेऊन देणे झेपत नसेल. त्याला रांगेच्या मागे उभे करू नका. धुतलेला जुना सदरा आणि त्यावर योग्य जागी नीट शिवलेला एक कमावलेला बिल्ला, हाच त्याचा गणवेश. कपड्यावरून मुलगा जोखायचा नाही, यासाठीच तर ब्राउनसीला फिती बांधल्या होत्या.

करायचे काम सोपे आहे. खिशाच्या मधोमध खडूने खूण करावी, बिल्ला टाचणीने धरून सरळ आहे का ते पाहावे आणि मग मुलाला स्वतःच्या हाताने चारी कडांनी टाके घालू द्यावेत. टाके घालता घालता, हा बिल्ला तुला कशाबद्दल मिळाला, एवढे त्याला विचारावे. त्याला उत्तर देता आले, तर बिल्ला खुशाल शिवू द्यावा. नाही आले, तर सुईदोरा थोडा वेळ बाजूला ठेवून आधी ते शिकवावे.