एका बैठकीचे दहा फ्रँक

मित्राच्या चित्राचे पैसे मित्राकडून घ्यावेत की नाही, हा प्रश्न पोट भरलेल्यांना पडतो. १९१६ साली पॅरिसमध्ये आमेदेओ मोदिल्यानीला तो पडण्यासारखी स्थिती नव्हती. शिल्पकार जाक लिपशित्झचे नुकतेच लग्न झाले होते. एका व्यापाऱ्याशी करार होऊन हाती चार पैसेही आले होते. आपले आणि पत्नी बर्थचे चित्र काढण्याविषयी त्याने विचारले. मोदिल्यानीने भाव सांगितला : एका बैठकीला दहा फ्रँक आणि थोडी दारू!

पहिल्या दिवशी त्याने नुसती रेखाटने केली. भराभर, एकामागून एक, पण रेघ कुठे चुकायची नाही. मग बैठक ठरली ती या जोडप्याच्या लग्नाच्या फोटोवरून. आपल्याकडच्या जुन्या फोटोंत बहुधा नवरा ऐटीत बसलेला नि नवरी उभी; इथे बर्थ बसली आहे आणि जाक मागे उभा आहे.

मला मात्र या रेखाटनांत वेगळेच काही दिसते. काढणारा स्वतः पाथरवटाचे काम करून आलेला होता. लांब नाकांची, मिटल्या ओठांची त्याची दगडी मस्तके १९१२ च्या प्रदर्शनात मांडली गेली होती. पण आधीच दुबळ्या छातीला दगडाची धूळ मानवेना. १९१४ च्या सुमारास छिन्नी सुटली ती सुटलीच. आणि आता समोर उभा होता छिन्नी न सुटलेला मित्र! तरी रेघेत हेवा नाही. उलट नाकाची ती लांब, कापीव कड पाहावी. ती पेन्सिलीची कमी आणि छिन्नीची अधिक.

दुसऱ्या दिवशी कॅनव्हास आला आणि संध्याकाळी चित्र संपलेसुद्धा! लिपशित्झ संकोचला. दहा फ्रँकांत एवढे काम? शिवाय शिल्पकाराच्या नजरेला ते जरा विरळ वाटत होते. आणखी रंगव, असा त्याने आग्रह धरला. बिघडवायचेच असेल तर रंगवतो, असे म्हणत मोदिल्यानी जवळजवळ पंधरवडा येत राहिला. मित्राला चार पैसे जास्त मिळावेत म्हणून केलेली ही लबाडी मला फार आवडते. ते चित्र १९२६ पासून शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये आहे.

२४ जानेवारी १९२० रोजी, पस्तिसाव्या वर्षी मोदिल्यानी गेला. मित्रांनी त्याच्या चेहऱ्याचा प्लास्टरचा ठसा घ्यायला घेतला, तो फुटला. ते तुकडे घेऊन ते लिपशित्झकडे आले. त्याने एकेक तुकडा जुळवला, हरवलेले भाग स्वतःच्या हाताने भरले आणि बारा प्रती काढून आप्तमित्रांत वाटल्या.