सर्वोच्च न्यायालयाचा बग रिपोर्ट

बग रिपोर्ट कोण लिहितं? टेस्टर, क्लायंट, फार तर एखादा वैतागलेला युजर. ३१ मे २०२१ रोजी तो आपल्या सर्वोच्च न्यायालयाने लिहिला.

करोनाच्या काळात ऑक्सिजन, औषधं, लशी यांच्या पुरवठ्याचं प्रकरण न्यायालयाने स्वतःहून सुनावणीला घेतलं होतं. खंडपीठ होतं न्या. धनंजय चंद्रचूड, न्या. एल. नागेश्वर राव आणि न्या. एस. रवींद्र भट यांचं. त्या आदेशात लशींच्या किमती, खरेदी अशा मोठमोठ्या विषयांच्या मध्येच कोविन संकेतस्थळाच्या त्रुटींची एक यादी आहे. कॅप्चाला ऐकण्याचा पर्याय नाही. वयोगट, लशीचं नाव, फुकट की विकत असे सात फिल्टर आहेत, पण ते अंध व्यक्तीला वापरता येत नाहीत. ड्रॉपडाउन केले तर हे सुटेल. जागा किती शिल्लक आहेत ते कळतं, पण पहिल्या डोसच्या की दुसऱ्या ते कळत नाही. नुसत्या कीबोर्डने संकेतस्थळावर फिरता येत नाही. वेळ ठरवून होण्याआधीच आपोआप लॉगआउट होऊ नये, पुरेसा अवधी द्यावा. पार्श्वभूमीच्या रंगांबाबतचे संकेतही पाळलेले नाहीत.

ड्रॉपडाउन करा म्हणून न्यायमूर्ती सांगताहेत! पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसूच आलं. फार टिकलं नाही.

ते दिवस आठवून बघा. १८ ते ४४ वयोगटाची नोंदणी २८ एप्रिल २०२१ ला दुपारी चार वाजता उघडली. त्याच्या पाच दिवस आधी आमच्या विरारमध्ये एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागाला आग लागून करोनाचे रुग्ण दगावले होते. वसई-विरारची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेतच बारा लाखांच्या वर होती आणि लशी कमी. स्लॉट दिसला की तो काही क्षणांत जायचा. मोबाईल नंबर, ओटीपी, पिनकोड, केंद्र, वेळ, कॅप्चा... डोळे, अंगठे आणि नेट तिन्ही धड असलेल्या माणसाचीसुद्धा दमछाक व्हायची.

आता हेच स्क्रीन रीडरवर करायचं. स्क्रीन रीडर म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर. जॉज १९९५ पासून विंडोजवर आहे, पण महागडं. ऑस्ट्रेलियातल्या मायकल करन आणि जेम्स तेह या दोन अंध तरुणांनी उभं केलेलं एनव्हीडीए २००६ पासून फुकट आहे. दोन्हींचं काम एका रांगेत चालतं: आपली नजर पानभर एकदम फिरते, स्क्रीन रीडर एकामागून एक घटक बोलत जातो. म्हणजे मुळातच जास्त वेळ लागणार. त्यात बटण हे खरं बटण नसून क्लिक लावलेला नुसता डिव्ह असेल, तर टॅब दाबून तिथे पोचताच येत नाही. पोचलात तरी ते बटण आहे हे सॉफ्टवेअर सांगत नाही. आणि हे सगळं पार करून शेवटी कॅप्चा, म्हणजे अक्षरांचं वेडंवाकडं चित्र.

कॅप्चाचा हेतू माणूस आणि यंत्र वेगळं ओळखणं. गंमत बघा (गंमत कसली म्हणा), त्याच मे महिन्यात आपल्यातल्या कितीतरी इंजिनिअर मंडळींनी कोविनचा एपीआय वापरून स्लॉटची सूचना देणाऱ्या स्क्रिप्ट लिहिल्या. यंत्राला रस्ता सापडला, अंध माणूस दारात अडकला. कॅप्चामुळे असं होतं हे डब्ल्यूथ्रीसीने २००५ मध्येच एक टिपण काढून बजावलं होतं.

मुद्दा हाच आहे, की त्या यादीत नवीन असं फारसं काही नव्हतं. डब्ल्यूथ्रीसीने १९९७ मध्ये या कामासाठी वेगळा उपक्रम सुरू केला आणि १९९९ मध्ये डब्ल्यूसीएजीची पहिली आवृत्ती काढली. २००० मध्ये सिडनी ऑलिंपिकच्या संकेतस्थळावर चित्रांना पर्यायी मजकूर नाही म्हणून ब्रूस मॅग्वायर या अंध गृहस्थांनी केलेली तक्रार तिथल्या मानवाधिकार आयोगाने मान्य केली. आयोजकांना २० हजार ऑस्ट्रेलियन डॉलर भरावे लागले. डिसेंबर २००८ मध्ये डब्ल्यूसीएजी २.० आलं. कीबोर्डने सगळं करता यावं, वेळेची मर्यादा वाढवून घेता यावी, माहिती फक्त रंगातून देऊ नये, कॅप्चाला दुसऱ्या इंद्रियाचा पर्याय असावा, हे चारही नियम त्यात 'ए' पातळीवर आहेत. 'ए' म्हणजे सर्वांत खालची पायरी, डबल ए आणि ट्रिपल ए त्याच्या वर.

आणि ते भारतात आलं नव्हतं असंही नाही. एनआयसीने तयार केलेली सरकारी संकेतस्थळांची मार्गदर्शक तत्त्वं (जीआयजीडब्ल्यू) २००९ ची, याच 'ए' पातळीवर बेतलेली. आमची वसई-विरार महापालिकासुद्धा त्याच वर्षीची, ३ जुलै २००९. पुढे २०१६ चा अपंग हक्क कायदा आला, आणि जून २०१७ च्या नियमांमधल्या नियम १५ ने संकेतस्थळांसाठी याच तत्त्वांकडे बोट दाखवलं. सेवा देणाऱ्यांना कायद्याने दिलेली मुदत दोन वर्षांची. म्हणजे कोविन जन्माला येण्याआधीच ती संपून गेली होती!

मग हे झालं कसं? माझं मत सांगतो. सरकारी साइट लाइव्ह जाण्याआधी सुरक्षेचं ऑडिट लागतं, ते प्रमाणपत्र नसेल तर होस्टिंगच मिळत नाही. त्यामुळे ते काम प्रत्येक प्रोजेक्ट प्लॅनमध्ये असतं. ॲक्सेसिबिलिटीसाठी दारावर असा पहारेकरीच नव्हता. ज्याच्यावाचून रिलीज अडत नाही, ते काम 'फेज टू' मध्ये जातं. आपल्या धंद्यात फेज टूचं काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको.

मराठीची आणखी एक वेगळी रड आहे. कोविन मराठीत आलं जून २०२१ मध्ये, तोवर इंग्रजी. आणि जो मराठी मजकूर जालावर होता, त्यातल्या जुन्या सरकारी फायली शिवाजीसारख्या जुन्या फाँटमधल्या. त्यात पडद्यावर देवनागरी दिसते, पण आत साठवलेली असतात रोमन अक्षरं. स्क्रीन रीडर बिचारा आतलं वाचतो, कानावर पडतं ते निव्वळ अगम्य. युनिकोडने हा प्रश्न सोडवला खरा, पण मग स्कॅन केलेल्या पीडीएफ आल्या. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर उद्याच्या लसीकरण केंद्रांची यादी रोज रात्री यायची. एक जेपीजी, त्यात अक्षरं असलेलं चित्र. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात २९ लाखांवर अपंग व्यक्ती आहेत. त्यातल्या जे पाहू शकत नाहीत त्यांच्यासाठी ती यादी म्हणजे कोरा कागद.

संकेतस्थळाने सगळं सुटतं असंही नाही. २४ मे २०२१ पासून १८ ते ४४ वयोगटाला सरकारी केंद्रांवर थेट जाऊन नोंदणी करायची मुभा मिळाली. २७ मे रोजी ज्येष्ठ आणि अपंगांसाठी घराजवळच्या केंद्रांची सूचना निघाली. अंथरुणाला खिळलेल्यांना घरी जाऊन लस द्या म्हणून मुंबई उच्च न्यायालयात याचिका चालू होती, ती मोहीम मुंबईत जुलैअखेर सुरू झाली. माणसाने माणसाकडे जाणं हा पर्याय लागतोच. पण म्हणून संकेतस्थळ बंद दरवाजासारखं ठेवायचं कारण नाही.

न्यायालयात मात्र विषय तिथेच थांबला नाही. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात न्या. चंद्रचूडच (तोवर सरन्यायाधीश) खंडपीठावर होते. नियम १५ ज्या मार्गदर्शक तत्त्वांकडे बोट दाखवतो त्यांची भाषा शिफारशीची आहे, आणि कायदा तर सक्ती सांगतो, म्हणून हा नियम कायद्याशी विसंगत ठरवला गेला. तीन महिन्यांत सक्तीचे किमान निकष ठरवा असं केंद्राला सांगितलं. मग ३० एप्रिल २०२५ चा प्रज्ञा प्रसून प्रकरणाचा निकाल. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या व्यक्तीला ई-केवायसीसाठी कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावता येत नव्हते. सोबत अमर जैन या दृष्टिहीन वकिलांची याचिका. न्या. पारडीवाला आणि न्या. महादेवन यांनी डिजिटल सेवांपर्यंत पोचणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे असं सांगून वीस निर्देश दिले. संकेतस्थळांचं ठरावीक काळाने ऑडिट करा, आणि प्रणाली बनवतानाच चाचणीला अंध व्यक्तींना बसवा, हे त्यातलेच.