डूमचं इंजिन: जे बळ, तीच मर्यादा

‘कुठलं गेम इंजिन चांगलं?’ असं मला विद्यार्थी नेहमी विचारतात. इंजिन म्हणजे गेमचा गाभा: चित्र काढणं, टक्कर ओळखणं, आवाज काढणं ही कामं तो करतो. या प्रश्नाचं उत्तर आज आपण एका जुन्या उदाहरणातून शोधू.

१० डिसेंबर १९९३ रोजी अमेरिकेतल्या टेक्सासच्या इड सॉफ्टवेअरनं ‘डूम’ आणला. तेव्हाचे घरगुती पीसी म्हणजे ३८६ नाहीतर ४८६. थ्रीडीसाठी वेगळं कार्ड नाही, आणि पुष्कळ यंत्रांत अपूर्णांकांचं गणित झटपट करणारा भागही नाही. अशा यंत्रावर दालनं, जिने, अंधारे बोळ पळते दाखवायचे होते.

जॉन कारमॅकनं मग दोन गोष्टी केल्या. पहिली, नकाशा सपाट ठेवला, घराच्या प्लॅनसारखा. प्रत्येक भागाला फक्त दोन उंच्या दिल्या: जमिनीची आणि छताची. दुसरी, कुठली भिंत पुढे आणि कुठली मागे, याचा हिशोब गेम सुरू होण्याआधीच करून ठेवला. ही ‘बीएसपी ट्री’ची पद्धत फुक्स, केडेम आणि नेलर यांनी १९८० मध्येच मांडली होती.

वेग यातूनच आला. पण किंमत बघा! एका जागी एकच जमीन, एकच छत. म्हणजे या वाड्याला माडी बांधता येत नाही. हिशोब आधीच झालेला, त्यामुळे दारं वर-खाली होतात, भिंत मात्र आडवी सरकत नाही. पुढे रेव्हन सॉफ्टवेअरनं हेच इंजिन घेऊन ‘हेरेटिक’मध्ये वर-खाली बघण्याची सोय केली, ‘हेक्सन’मध्ये हलणाऱ्या भिंती आणल्या. माडीचा प्रश्न मात्र राहिलाच. इडला तो सोडवायला १९९६ मध्ये ‘क्वेक’चं नवं इंजिन लिहावं लागलं.

मग डूम आजही जिवंत का? कारण नकाशे आणि चित्रं ‘वॅड’ नावाच्या फाइलमध्ये, मूळ प्रोग्रॅमपासून वेगळी होती. प्रोग्रॅमला हात न लावता लोक स्वतःचे नकाशे करू लागले. डिसेंबर १९९७ मध्ये इडनं सोर्स कोडही खुला केला. आवाजाचा भाग तेवढा दुसऱ्यांच्या मालकीचा, तो देता आला नाही. पण बाकीचा कोड हाती आल्यावर लोकांनी त्या उणिवा स्वतःच दुरुस्त केल्या.

आता आजचं बघा. २०२३ मध्ये युनिटीनं ठरावीक मर्यादेपलीकडे प्रत्येक इन्स्टॉलमागे शुल्क जाहीर केलं. मोठ्या विरोधानंतर २०२४ मध्ये ते रद्द केलं. मधल्या काळात, वर्षानुवर्षं त्या इंजिनावर काम केलेल्या छोट्या स्टुडिओंच्या हातात काय होतं? विरोध करणं, नाहीतर सगळं सोडून दुसरीकडे जाणं.

म्हणून इंजिन निवडताना दोन प्रश्न विचारा. याला वेग कशाच्या बदल्यात मिळाला? आणि उद्या अडलं तर दुरुस्तीचा हक्क कोणाकडे आहे? पहिल्याचं उत्तर चार दिवस वापरून कळतं. दुसऱ्याचं करारात असतं, तो वाचा.