विहिरीकडून पाणलोटाकडे : नगर जिल्ह्यातील येशूसंघाच्या भूसेवेचा इतिहास

उत्पत्तीच्या सव्विसाव्या अध्यायात इसहाकाच्या विहिरींची हकिकत आली आहे. अब्राहामाने खणलेल्या विहिरी पलिष्ट्यांनी मातीने बुजवल्या होत्या. इसहाकाने त्या पुन्हा उपसल्या. खोऱ्यात नव्या विहिरीला जिवंत पाणी लागताच गरारचे गुराखी भांडायला उभे राहिले. त्या विहिरीचे नाव पडले एसेक, म्हणजे कलह. दुसरीचे सितना, म्हणजे वैर. तिसरीपाशी मात्र कोणी भांडले नाही, म्हणून तिला रहोबोथ म्हटले, म्हणजे ऐसपैस जागा. ज्या प्रदेशात पाऊस थोडा, तेथील माणसाला ही हकिकत समजावून सांगावी लागत नाही.

सह्याद्रीच्या पूर्व पायथ्यापासून थेट हैदराबादपर्यंत पसरलेले दख्खनचे पठार हा असाच प्रदेश होय. ह्या पठारावर, अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्यात, येशूसंघाच्या धर्मगुरूंनी जमीन आणि पाणी ह्यांच्या संदर्भात जे कार्य केले, त्याचा इतिहास प्रस्तुत लेखात संक्षेपाने मांडण्याचा आमचा हेतू आहे. केवळ गौरव करावा म्हणून आम्ही हा विषय घेतलेला नाही. एका व्रतस्थ संघाची सृष्टीविषयीची निष्ठा कशी घडत गेली, तिला कोठे ठेच लागली आणि त्यातून आपण धर्मगुरू व धर्मशिक्षक ह्यांनी काय घ्यावे, हा आमचा खरा प्रश्न आहे.

१. दुष्काळ आणि मिशन

नगर जिल्ह्यात प्रॉटेस्टंट बांधवांचे अमेरिकन मराठी मिशन १८३१ पासून कार्य करीत होते. कॅथलिक मिशनचा आरंभ १८७८ मध्ये राहुरीजवळील केंदळ येथे येशूसंघाचे फादर ओटो वाइसहाउप्ट ह्यांनी केला. हे वर्ष ध्यानात ठेवण्याजोगे आहे. १८७६ ते १८७८ ह्या काळातील दुष्काळाने दख्खन होरपळून निघाली होती. पुढे १८९६-९७ आणि १८९९-१९०० मध्ये पुन्हा दुष्काळ आले. ख्रिस्तसभेत जे आले ते बहुतांशी गावकुसाबाहेरचे, महार आणि मांग वस्त्यांतील लोक होते. त्यांच्यापैकी अनेकांजवळ जमीन नव्हती. असली तर ती थोडी आणि हलकी होती.

ह्या आरंभाचा ठसा मिशनवर दीर्घकाळ राहिला. मिशन म्हणजे देणारा हात आणि ख्रिस्तीजन म्हणजे घेणारा हात, असे नाते दोन्ही बाजूंच्या अंगवळणी पडले. धान्यासाठी धर्म घेतला, हा टोमणा आपल्या पूर्वजांना ऐकावा लागला. तो अन्यायाचा होता, कारण त्या माणसांनी अन्नाबरोबरच मान आणि अक्षरही शोधले होते. तथापि देणाऱ्याने दिलेले दान घेणाऱ्याला कायमचा आश्रित करू शकते, ही गोष्ट आपल्याला नाकारता येणार नाही.

जिल्ह्यातील पाण्याची वाटणीही ह्याच सुमारास बदलू लागली. १९२६ मध्ये भंडारदऱ्याचे धरण पुरे झाले आणि प्रवरेचे कालवे वाहू लागले. १९५० मध्ये लोणीजवळ प्रवरेचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला. कालव्याखालची गावे हिरवी झाली. संगमनेर, पारनेर, नगर ह्या तालुक्यांतील माळरानाची गावे मात्र आभाळाकडे डोळे लावून बसली. एकाच जिल्ह्यात ऊस आणि टँकर शेजारी शेजारी नांदू लागले.

२. विहिरींचा काळ

फादर हर्मन बाखर हे स्वित्झर्लंडमध्ये १९२४ साली जन्मलेले येशूसंघीय १९४८ मध्ये भारतात आले. नगर जिल्ह्यातील शेतकऱ्यांत त्यांचे आयुष्य गेले आणि १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी नगर येथे सोशल सेंटर ही संस्था उभी केली. तिचा आरंभीचा भर विहिरी, शेतीसाठी कर्ज आणि सुधारित शेतीची साधने ह्यांवर होता. त्या काळाच्या दृष्टीने हे पाऊल मोठे होते. धान्य वाटण्याऐवजी धान्य पिकवण्याचे साधन द्यावे, असा त्यामागचा विचार होता.

मग १९७२ चा दुष्काळ आला. ज्यांनी तो पाहिला त्यांना लाल मिलो, सुकडी आणि रस्त्याकडेला खडी फोडणाऱ्या माणसांच्या रांगा आठवतात. त्याच अनुभवातून महाराष्ट्रात रोजगार हमी योजना उभी राहिली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा संमत झाला. विहिरींविषयी मात्र एक कठोर सत्य हळूहळू उघड झाले. विहिरी वाढल्या, इंजिने आणि विजेचे पंप आले, पण कातळाच्या पोटातील पाणी वाढले नाही. दख्खनच्या काळ्या कातळात पाणी साठते ते भेगांत आणि वरच्या झिजलेल्या मुरमात. उघड्या डोंगरावरून पाऊस माती घेऊन धावत खाली गेला, तर त्या भेगांत काय उतरणार? ‘आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार’ ही आपली जुनी म्हण येथे अक्षरशः खरी ठरली.

येशूसंघाच्या बत्तिसाव्या महासभेने १९७४-७५ मध्ये आपल्या चौथ्या आदेशपत्रात श्रद्धेची सेवा आणि न्यायाचे संवर्धन ही एकाच कार्याची दोन अंगे असल्याचे जाहीर केले होते. त्या आदेशपत्राचा रोख माणसांतील अन्यायावर होता. परंतु नगरच्या माळावर असे दिसू लागले की, माणसाची दैना आणि जमिनीची दैना वेगवेगळी नाही. धुपलेल्या जमिनीवर न्याय फार काळ उभा राहत नाही.

३. माथा ते पायथा

येथे हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे की, हा मार्ग येशूसंघाने एकट्याने शोधला नाही. विलासराव साळुंखे ह्यांनी पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे पाणी पंचायतीचा प्रयोग १९७० च्या दशकात केला. राळेगणसिद्धीत अण्णा हजारे ह्यांचे कार्य त्याच दशकाच्या मध्यास सुरू झाले. हिवरे बाजारचे परिवर्तन पोपटराव पवार ह्यांच्या नेतृत्वाखाली १९९० च्या सुमारास आरंभले. फादर बाखर ह्यांचे वैशिष्ट्य असे की, एका गावात एका व्यक्तीच्या प्रभावाने जे घडते ते शेकडो गावांत, सामान्य माणसांच्या हातून, नियमाने कसे घडेल, हा प्रश्न त्यांनी हाती घेतला. त्यांच्या प्रयत्नांतून भारत आणि जर्मनी ह्या दोन शासनांच्या सहकार्याने इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम आकाराला आला आणि १९९२ पासून नाबार्डमार्फत महाराष्ट्रात राबवला जाऊ लागला. त्यासाठी गावे आणि स्थानिक संस्था ह्यांची तयारी करून घेणारी ‘वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट’ ही संस्था १९९३ मध्ये स्थापन झाली; तिच्या स्थापनेत फादर बाखर ह्यांच्यासह क्रिस्पिनो लोबो होते.

कार्यपद्धती अशी होती. काम माथ्यापासून पायथ्याकडे करायचे. डोंगरावर आधी समतल चर आणि झाडे, उतारावर बांधबंदिस्ती, ओहोळात दगडी बांध, आणि सर्वांत शेवटी नाल्यावर बंधारा. सामान्यतः गावाला बंधारा प्रथम हवा असतो, कारण पाणी तेथे दिसते. परंतु वरची माती न अडवता बांधलेला बंधारा काही वर्षांत गाळाने भरतो. प्रत्येक शेताची आखणी त्या शेतकरी कुटुंबाला बरोबर घेऊन, बांधावर उभे राहून केली जाई. ग्रामसभेने निवडलेली पाणलोट समिती पैशाचा हिशेब ठेवी.

त्याहून महत्त्वाच्या होत्या गावाने आधी स्वीकारावयाच्या अटी : कुऱ्हाडबंदी, मोकाट चराईला बंदी आणि श्रमदान. अकुशल मजुरीच्या खर्चाचा पंधरा ते वीस टक्क्यांच्या आसपासचा भाग गावाने श्रमाने भरायचा असे. भूमिहीन कुटुंबांना त्यातून सूट होती. निधी येण्यापूर्वी गावाने श्रमदान करून आपली इच्छा सिद्ध करावी लागे.

आमच्या मते ह्या इतिहासातील निर्णायक वळण हेच आहे. शंभर वर्षे देणारा हात म्हणून ओळखल्या गेलेल्या मिशनच्या एका धर्मगुरूने गावाला प्रथम विचारले की, तुम्ही काय सोडणार? व्रतस्थ जीवनाचा गाभा त्यागात आहे, हे आपण नवदीक्षितांना शिकवतो. येथे सर्व धर्मांच्या, सर्व जातींच्या गावाने मिळून, ठरावीक काळासाठी आणि सर्वांच्या हितासाठी एक व्रत घेतले. कोणाच्याही धर्मांतराचा प्रश्न त्यात नव्हता. धान्यासाठी धर्म ह्या जुन्या टोमण्याला ह्याहून चांगले उत्तर आम्हाला माहीत नाही.

संगमनेर तालुक्यातील दरेवाडीचे उदाहरण बोलके आहे. १९९६ मध्ये तेथे काम सुरू झाले तेव्हा गावात वर्षातून जेमतेम तीन-चार महिने शेतीचे काम मिळे. बाकीचा काळ माणसे बाहेर जात आणि उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिली जाई. काम २००१ पर्यंत चालले. २००३ च्या पावसाळ्यात अवघा ३५० मिलिमीटरच्या आसपास पाऊस होऊनही पुढच्या उन्हाळ्यात दरेवाडीला टँकर लागला नाही, आणि शेतीचे काम नऊ-दहा महिने मिळू लागले होते.

४. बंदीचा भार कोणावर?

आता अवघड भागाकडे वळू. डोंगर चराईला बंद झाला म्हणजे गवत वाढते, माती थांबते आणि पाणी मुरते. मुरलेले पाणी मात्र पायथ्याच्या विहिरीत उतरते, आणि विहीर ज्याची जमीन त्याची. डोंगरावर शेळ्या-मेंढ्या चारणाऱ्याला, मोळी आणणाऱ्या बाईला बंदीचा भार पहिल्या दिवसापासून सोसावा लागतो. लाभ मात्र दुसऱ्याच्या शेतात दिसतो. ह्या कार्यक्रमांच्या अभ्यासकांनी हा दोष स्पष्टपणे नोंदवला आहे. दरेवाडीत धनगर कुटुंबांची संख्या मोठी होती आणि त्यांचा विरोध अगदी रास्त होता. सगळे रान एकदम बंद न करता ते टप्प्याटप्प्याने बंद करणे, असा मार्ग तेथे वाटाघाटीने काढावा लागला.

हा प्रश्न आपल्याला परका नाही. ज्या समाजातून नगरची ख्रिस्तसभा उभी राहिली तो बव्हंशी भूमिहीन होता. म्हणजे धर्मगुरूने आरंभलेल्या कार्याचा भार सोसणाऱ्यांत त्याचेच श्रद्धावंत असू शकत होते. मजुरीचे दिवस वाढले, स्थलांतर कमी झाले, हा लाभ त्यांना निश्चित झाला. पण मजुरी आणि पाण्यावरील हक्क एक नव्हे.

शास्त्र येथे काय सांगते? भूमीच्या विश्रांतीची आज्ञा आपण सहसा लेवीयाच्या पंचविसाव्या अध्यायातून शिकवतो. तीच आज्ञा निर्गमाच्या तेविसाव्या अध्यायातही आहे, आणि तेथे तिचे कारणही दिले आहे. सातव्या वर्षी शेत पडीक ठेवावे ते अशासाठी की, त्यात जे आपोआप येईल ते लोकांतील गरिबांनी खावे आणि उरलेले रानच्या पशूंनी. भूमीची विश्रांती आणि गरिबाचा वाटा ह्या दोन आज्ञा नाहीत, एकच आहे. रूथला बवाजाच्या शेतात सरवा वेचता आला तो मालकाच्या दयेबरोबरच नियमशास्त्रातील हक्कामुळे. म्हणून ज्या चराईबंदीत गरिबाच्या सरव्याची तरतूद नाही, ती शब्बाथाचे अर्धेच पालन करते असे आम्ही म्हणू.

दुसरा दोष यशातूनच निघाला. पाणी वाढताच विंधन विहिरी आणि अधिक पाण्याची पिके आली. एसेक आणि सितना ह्यांचे दिवस परतण्याचा धोका उभा राहिला. पाणी अडवण्याइतकेच ते मोजून वापरणे आवश्यक आहे, हे हिवरे बाजारने जाणले : शेतीसाठी विंधन विहिरींना मनाई, उसाला मनाई आणि दरवर्षी ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद. पाणलोटाच्या कार्यातही पुढे पाण्याच्या अंदाजपत्रकाला असेच स्थान मिळाले.

५. गोदावरीच्या पलीकडे

नगर जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून गोदावरी वाहते. पूर्वी तिच्या पलीकडच्या काठावर निजामाचे हैदराबाद संस्थान सुरू होई. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याचाच भाग होता. राज्ये बदलली, पण पठार एकच राहिले. नगरकडे काळा कातळ, हैदराबादच्या आसपास ग्रॅनाइट आणि तांबडी माती, एवढाच भेद.

कोरडवाहू शेतीच्या शास्त्राचे पीठ हैदराबादेत आहे. पाटणचेरू येथे इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय संशोधनसंस्था १९७२ मध्ये स्थापन झाली, आणि हैदराबादेतच १९८५ पासून केंद्रीय कोरडवाहू शेती संशोधन संस्था आहे. इक्रिसॅटने १९९९ मध्ये रंगारेड्डी जिल्ह्यातील कोत्तपल्ली गावी ग्रामस्थांना बरोबर घेऊन पाणलोटाचे काम आरंभले. अर्थशास्त्रज्ञ सी. एच. हनुमंत राव ह्यांच्या समितीने १९९४ मध्ये पाणलोटाच्या शासकीय कार्यक्रमांत लोकसहभाग आणि स्वयंसेवी संस्था ह्यांना मध्यवर्ती स्थान देण्याची शिफारस केली, आणि १९९५ पासून त्यानुसार मार्गदर्शक सूत्रे लागू झाली. माळावरचे व्रत आणि प्रयोगशाळेतील विद्या एकाच निष्कर्षाला पोचल्या : लोकांनी स्वतः स्वीकारलेल्या नियमावाचून पाणी टिकत नाही.

६. आपल्यापुढील प्रश्न

पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनी १ जानेवारी १९९० च्या शांतिदिनाच्या संदेशात सृष्टीवरील संकटाला नैतिक प्रश्न म्हटले. येशूसंघाच्या पस्तिसाव्या महासभेने २००८ मध्ये सृष्टीशी समेट हा आपल्या प्रेषितकार्याचा भाग मानला. २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस ह्यांचे ‘लाऊदातो सी’ हे परिपत्रक आले आणि पृथ्वीचा व गरिबांचा आक्रोश एकत्र ऐकण्यास त्याने आपल्याला शिकवले. २०१९ मध्ये संघाने आपल्या चार प्राधान्यांत सामायिक घराची काळजी हे एक ठरवले. फादर बाखर २०२१ मध्ये निवर्तले. तारखांचा क्रम पाहिला तर दिसते की, कागदावरील शब्दांच्या आधी माळावरचे चर खणले गेले होते. धर्मज्ञानाने ह्यापासून नम्रता शिकावी.

उपदेशापूर्वी आपण आपल्या दाराशी पाहावे. आपल्या धर्मग्रामाच्या आवारात विंधन विहीर असेल तर तिचे पाणी कोण भरते? शेजारची वस्ती भरते की केवळ आपण? मिशनच्या जमिनीवर पडणारा पाऊस मुरतो की वाहून जातो? धर्मशिक्षक बंधूंना वस्तीतील कोणत्या बाईला सरपणासाठी किती चालावे लागते हे ठाऊक असते. ग्रामसभेत तिच्या वतीने कोणी बोलते का? आणि उपवासकाळात आपण श्रद्धावंतांना त्याग सांगतो, तेव्हा संस्था म्हणून आपण स्वतः काय सोडतो?

इसहाकाला तिसऱ्या विहिरीपाशी ऐसपैस जागा मिळाली, कारण दोनदा तो हक्काचे पाणी सोडून पुढे निघाला होता. सर्वांना पुरेल अशी जागा देव देतो. पण त्यासाठी कोणाला तरी प्रथम आपली विहीर सोडावी लागते. ते सोडणे सर्वांत गरिबाच्या वाट्याला येऊ नये, एवढे पाहणे हे आपले काम आहे.