करवीरच्या जुन्या खिडक्या व त्यांच्या बिजागऱ्या

जुन्या वाड्याचें वय ठरवितांना आम्ही सारे प्रथम सनद, निवाडपत्र किंवा घरवांटणीचा कागद शोधतों. तें योग्यच आहे. परंतु कागदास वाळवी लागते. चौकट भिंतींत राहते. कोल्हापुरांत २००५, २०१९ व २०२१ सालीं पंचगंगेस मोठे पूर आले. अशा पुरानंतर फुगलेल्या झडपा उतरवून गंजलेल्या बिजागऱ्या बदलाव्याच लागतात. काढलेलें लोखंड भंगारांत जातें, व त्यासह एक पुरावाही जातो. त्याविषयीं हें टिपण.

बिजागरी हा शब्द मूळचा आपला नव्हे. पोर्तुगीज 'बिसाग्रा' यावरून तो आला. चावी हा शब्दही त्याच वाटेचा. गोवें पोर्तुगीजांच्या हातीं १५१० सालीं गेलें. तेथून कोंकण व घाटमार्गें हे शब्द वर चढले असावेत, असें आम्हांस वाटतें. मात्र शब्दाबरोबरच दार फिरविण्याची विद्या आली, असें कोणीं समजूं नये. पूर्वींचे सुतार झडपेच्याच लाकडांतून वर व खालीं खुंट काढीत आणि ते चौकटींतील खळग्यांत फिरवीत. लोखंड मुळींच लागत नसे. वरचा खळगा उथळ असला तर चौकट उकलल्यावाचून झडप निघत नाहीं, एवढाच त्यांत दोष.

आतां परीक्षा कशी करावी तें पाहूं. चौकटींत रिकामे खळगे असून बाजूस बिजागरी असेल, तर चौकट जुनी व बिजागरी मागाहूनची. जुन्या कागदावर उत्तरकालीन हस्ताक्षराचा शेरा असावा, तसाच हा प्रकार. शेऱ्यावरून कागदाचें वय कोणी ठरवीत नाहीं. खळगे नसतील, व बिजागरीच्या पानाजवळ बुजविलेली दुसरी खांचही नसेल, तर दोन्ही एककालीन मानण्यास हरकत नाहीं.

खुद्द बिजागरीचा काळ ठरविण्यास दोन साधनें आहेत. ओतीव लोखंडी बिजागरीचें पेटंट इंग्लंडांत १७७५ सालीं निघालें. हातोड्याच्या खुणा असलेली घडीव बिजागरी त्याआधींची असूं शकते, पण गांवच्या लोहारानें ती पुढेंही घडविली असेल. दुसरें साधन अधिक भरंवशाचें. यंत्रावर केलेला टोकदार मळसूत्री खिळा १८४० नंतरच्या दशकांत प्रचारांत आला. तत्पूर्वींचा बोथट असे. मिरज-कोल्हापूर लोहमार्ग १८९१ सालीं सुरू झाला व असा माल येणें सोपें झालें. तेव्हां टोकदार खिळ्यांनीं बसविलेली बिजागरी दाखवून वाडा पेशवाईंतला म्हणणें टिकणार नाहीं. एकच खिळा पाहून निर्णय देऊं नये. तो एकटाच बदललेला असूं शकतो.

ज्यांच्या घरीं हें काम निघेल त्यांनीं बिजागरी काढण्यापूर्वीं तिचा कागदावर खाका उतरावा, खिडकीची दिशा व मजला लिहावा, आणि निदान एक जोडी खिळ्यांसह दप्तराशेजारीं ठेवावी.