चारही चाकांचा जोर : जीपगाडीच्या यंत्ररचनेचा इतिहास



नागपूरच्या दक्षिणेस बेसा नांवाचें गांव आहे. आज तें शहराला जाऊन मिळालें आहे आणि शेतांच्या जागीं इमारती उभ्या राहिल्या आहेत. परंतु त्या इमारतींच्या पायाखालची जमीन विदर्भाची जुनी काळी जमीनच आहे. उन्हाळ्यांत ती भेगाळते, आणि मृगाच्या सरी पडल्या कीं लोण्यासारखी मऊ होऊन चाकाला चिकटते. अशा चिखलांत बैलगाडी रुतली म्हणजे गाडीवान काय करतो? तो बैलांना हांक देतो खरा, पण त्याबरोबरच खालीं उतरून चाकाचे आरे धरतो आणि चाकच फिरवूं लागतो. जें चाक रुतलें त्याच चाकाला जोर दिला पाहिजे, हें तत्त्व त्याला कोणत्याहि ग्रंथावांचून ठाऊक असतें. हेंच तत्त्व एका लहानशा लष्करी मोटारगाडीच्या रचनेंत कसें उतरलें आणि ती गाडी आपल्या देशांत कशी आली, याचा इतिहास आज आपणांपुढें मांडावयाचा आहे. ती गाडी म्हणजे सर्वांच्या परिचयाची जीप.

जुन्या पद्धतीच्या मोटारींत एंजिनाचा जोर केवळ मागच्या दोन चाकांना मिळत असे. चाक जमिनीला मागें रेटतें म्हणून गाडी पुढें जाते, आणि चाकाची पकड त्याच्यावर असलेल्या भारावर अवलंबून असते. गाडीचा निम्मा भार पुढच्या चाकांवर असला, तर तेवढा भार पकडीच्या कामीं फुकट जातो. शिवाय पुढचीं चाकें स्वतः फिरत नसल्यामुळें त्यांना ढकलावें लागतें, आणि चिखलांत तीं नांगराच्या फाळासारखीं आंत घुसतात. पुढच्या चाकांनाहि जोर दिला, म्हणजे सगळाच भार कामास येतो आणि पुढचें चाक रुतण्याऐवजीं कांठावर चढूं पाहतें.

हा विचार नवा नव्हता. हॉलंडमधील स्पायकर बंधूंनीं १९०३ सालीं चारही चाकांना गति देणारी मोटार तयार केली होती. अमेरिकेंत ऑटो झाचो आणि विल्यम बेसर्डिच या कारागिरांनीं १९०८ च्या सुमारास याच जातीची गाडी बनविली आणि पहिल्या महायुद्धांत त्यांच्या कंपनीचे मालट्रक लष्कराच्या उपयोगीं पडले. परंतु हीं सर्व वाहनें अवजड असत. पुढच्या चाकाला दोन कामें एकदम करावीं लागतात : त्यानें फिरावयाचें आणि वळावयाचेंहि. त्यासाठीं लागणारे सांधे, जादा आंस आणि जादा दांत्यांचीं चाकें यांचें वजन मोठ्या ट्रकास पेलतें. लहान गाडीस तें कसें पेलावें, हा खरा प्रश्न होता.

१९४० च्या जून महिन्यांत फ्रान्स पडला आणि अमेरिकन लष्कराला घाई झाली. जुलैमध्यें त्यानें १३५ कारखान्यांना मागणी कळविली : गाडी चारही चाकांनीं चालावी, ६०० पौंड ओझें वहावें, आणि तिचें स्वतःचें वजन १,३०० पौंडांहून अधिक नसावें. नमुन्याची पहिली गाडी ४९ दिवसांत हजर करावयाची होती. एवढ्या कारखान्यांपैकीं केवळ दोघांनीं उत्तर दिलें. त्यांतील एक विलीज-ओव्हरलँड; दुसरा पेनसिल्व्हेनियांतील बटलर गांवचा, दिवाळ्याच्या कांठावर असलेला अमेरिकन बँटम हा चिमुकला कारखाना. बँटमपाशीं आराखडा काढण्यास माणूसहि उरला नव्हता. त्यांनीं डेट्रॉइटहून कार्ल प्रॉब्स्ट नांवाच्या इंजिनिअरास पाचारण केलें, आणि त्यानें अवघ्या दोन दिवसांत गाडीचा आराखडा पुरा केला.

दोन दिवसांत हें कसें साधलें? प्रॉब्स्टनें नवीन शोध लावण्याचा हव्यास धरला नाहीं. आंस एका कारखान्याचे, गिअरपेटी दुसऱ्याची, एंजिन तिसऱ्याचें. बाजारांत जें तयार होतें किंवा थोड्या फेरफारानें तयार होण्यासारखें होतें, तें त्यानें निवडलें आणि योग्य प्रमाणांत एकत्र जोडलें. मात्र १,३०० पौंडांत टिकाऊ गाडी होणें शक्य नाहीं, हें त्याला ठाऊक होतें. निविदेच्या कागदावर मर्यादेच्या आंतला आंकडा लिहिला गेला. प्रत्यक्ष गाडी सुमारें १,८४० पौंड भरली. २३ सप्टेंबर १९४० रोजीं, मुदत संपण्यास अर्धा तास उरला असतां, ती बाल्टिमोरजवळच्या होलाबर्ड छावणींत येऊन उभी राहिली. परीक्षकांनीं तिला खड्ड्यांतून आणि चिखलांतून निर्दयपणें पिटाळलें. ती टिकली, आणि लष्करानेंच आपली वजनाची अट सैल करून ती पुढें २,१६० पौंडांवर नेली.

आतां या गाडीच्या पोटांत जरा डोकावून पाहूं. १९४१ पासून प्रमाण ठरलेल्या विलीजच्या गाडींत ६० अश्वशक्तीचें, चार सिलिंडरांचें एंजिन होतें. त्यामागें तीन वेगांची गिअरपेटी, आणि गिअरपेटीला लागून आणखी एक पेटी. कारागीर तिला ट्रान्स्फर केस म्हणतात. आपण तिला वांटणीची पेटी म्हणूं. एंजिनाकडून आलेला जोर ही पेटी बाजूला घेते आणि एका दांड्यानें मागच्या आंसाकडे, दुसऱ्यानें पुढच्या आंसाकडे पाठविते. दांडे एका अंगाला असल्यामुळें या गाडीच्या दोन्ही आंसांवरील गोळे मधोमध नसून उजवीकडे सरकलेले दिसतात.

या पेटीला दोन तरफा असत. एकीनें पुढचीं चाकें जोडावयाचीं किंवा सोडावयाचीं. दुसरीनें चाल जलद किंवा मंद करावयाची. मंद चालींत, पहिल्या गिअरमध्यें, एंजिनाचे पंचवीसहून अधिक फेरे होतात तेव्हां चाकाचा एक फेरा होतो. त्यामुळें लहान एंजिनहि मोठा चढ हळूहळू पार करतें. परंतु एवढा जोर एकट्या मागच्या आंसावर पडला तर तो मोडेल. म्हणून पेटीच्या आंत अशी अडसर ठेवली आहे कीं, पुढचीं चाकें जोडल्यावांचून मंद चाल पडतच नाहीं. चालकाच्या शहाणपणावर विसंबून न राहतां यंत्रानेंच चूक अशक्य करावी, याचा हा उत्तम नमुना होय.

मग पुढचीं चाकें कायम जोडून कां ठेवूं नयेत? याचें उत्तर वळणावर सांपडतें. गाडी वळतांना पुढचीं चाकें मागच्या चाकांपेक्षां मोठ्या वर्तुळांतून जातात, म्हणजे अधिक अंतर तोडतात. पुढच्या आणि मागच्या आंसांमध्यें हा फरक सोसणारी योजना या गाडींत नाहीं. चिखलांत किंवा वाळूंत चाक थोडें घसरून फरक भरून काढतें. डांबरी रस्त्यावर तें घसरत नाहीं, मग दांड्यांत पीळ भरतो आणि टायर झिजतात. ती योजना केली असती तर वजन आणि खर्च वाढता. म्हणून रचनाकारांनीं साधी तरफ पत्करली : मऊ जमिनीवर जोडा, पक्क्या रस्त्यावर सोडा.

वळणाऱ्या चाकाचा सांधा हा दुसरा नाजूक भाग. साधा सांधा वांकवून फिरविला तर चाकाची गति प्रत्येक फेऱ्यांत दोनदां कमीजास्त होते आणि सुकाणूला हिसके बसतात. त्यासाठीं समगति राखणारे सांधे वापरावे लागले. ते बनविणें अवघड असल्यामुळें त्यांचे तीन-चार प्रकार युद्धकाळीं प्रचारांत होते. रचनेंत उणीवहि होती. प्रत्येक आंसाचें एक एक चाक एकाच वेळीं निसरड्या जागीं आलें, तर तींच दोन चाकें गरगर फिरत आणि उरलेलीं दोन स्तब्ध राहत. त्या वेळीं अखेर माणसांनाच खांदा द्यावा लागे.

या गाडीचें श्रेय कोणास द्यावें, याविषयीं पुष्कळ वाद झाला. आराखडा बँटमचा. जोरदार एंजिन विलीजचें. त्यांचे इंजिनिअर बार्नी रूस यांनीं वजनाच्या मर्यादेंत बसण्यासाठीं गाडी सुटी करून सुमारें अडीचशें पौंड वजन उतरविलें, अगदीं बोल्टांची जादा लांबी आणि रंगाचा थरहि कमी केला. सपाट नाक आणि जाळीच्या आंत बसविलेले दिवे ही फोर्डची देणगी. बँटमला अडीच हजारांच्या थोड्याच वर गाड्या करावयास मिळाल्या आणि पुढें त्यानें युद्धकाळीं जीपमागें ओढावयाच्या गाड्या बनविल्या. विलीज आणि फोर्ड यांनीं मिळून सुमारें साडेसहा लक्ष जीपगाड्या तयार केल्या, आणि त्याहि एकाच आराखड्यानें, म्हणजे एकीचा भाग दुसरीस बसेल अशा. न्यायाच्या दृष्टीनें हें खटकतें. परंतु रणांगणावर मोडकी गाडी दुसऱ्या मोडक्या गाडीच्या भागांनीं पुन्हा चालती होई, ती याच एकरूपतेमुळें.

हिंदी सैनिकांनीं ही गाडी आफ्रिकेंत, इटलींत आणि ब्रह्मदेशांत चालविली. १९४४ सालीं ब्रह्मदेशांत मिटकिनाच्या परिसरांत जीपला रुळांवरचीं चाकें बसवून तिच्याकडून आगगाडीचे डबेहि ओढविले गेले. १९४८ सालीं, काश्मीरचें युद्ध चालू असतां, लंडनमधून आपल्या लष्करासाठीं जुन्या जीपगाड्यांचा सौदा झाला. त्यांतल्या १५५ गाड्या येऊन पोहोंचल्या आणि लष्करानें त्या निरुपयोगी ठरविल्या. या प्रकरणाचा वाद पुढें संसदेंत अनेक वर्षें गाजला. परक्याच्या अंगणांतील जुनें यंत्र ऐन गरजेच्या वेळीं कितपत कामास येतें, हें त्यानें शिकविलें.

त्याच सुमारास मुंबईंत दुसरा प्रयत्न चालला होता. कैलाशचंद्र महिंद्र हे युद्धकाळीं वॉशिंग्टनमध्यें हिंदुस्थानच्या पुरवठा-मंडळाचे प्रमुख होते. बंधु जगदीशचंद्र आणि गुलाम महंमद यांच्यासह त्यांनीं १९४५ सालीं पोलादाच्या व्यापाराची कंपनी काढली. फाळणीनंतर गुलाम महंमद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ सालीं कंपनीचें नांव महिंद्र आणि महिंद्र असें झालें. चाळीसाच्या दशकाअखेर या कंपनीनें विलीजकडून सुटे भाग आणून मुंबईंत माझगांव येथें जीप जोडण्यास आरंभ केला. पुढें आयात कमी होत जाऊन भाग येथेंच तयार होऊं लागले. लष्करासाठीं जबलपूरच्या सरकारी वाहन-कारखान्यांत १९६९ पासून जपानी निस्सान कंपनीच्या रचनेवरून जोंगा ही गाडी निघाली. आणि नागपूरच्या हिंगणा वसाहतींत महिंद्रांचे ट्रॅक्टर तयार होतात.

कित्येक विद्वान ‘ही तर नुसती जोडणी’ असें म्हणून अशा उद्योगास नांवें ठेवतात. त्यांनीं बटलर गांव आठवावें. मूळ जीप तरी दुसरें काय होती? कोणता भाग निवडावा, कोठें वजन सोसावें, कोणती सोय टाळावी, हें ज्याला कळलें त्याची जोडणी हीच निर्मिति झाली. ज्यानें पेटी उघडून आंतील अडसर कां ठेवली आहे हें विचारलें नाहीं, त्याची जोडणी मात्र मजुरीच राहिली. आपल्या तंत्रविद्यालयांतील मुलांनीं एखादी मोडीत निघालेली जीप अवश्य उघडून पहावी. तींत झांकलेलें असें फारसें कांहींच नाहीं, आणि प्रत्येक भागापाशीं विचारण्याजोगा एक प्रश्न आहे.